एक साठवण, अनेक मेल सर्व्हर : लिनक्सवरील सामाईक मेल-साठवणीची सविस्तर मांडणी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील पतसंस्था, सौहार्द सहकारी संस्था, शिक्षण मंडळे आणि उद्यमबागेतील कारखाने यांचा बहुतेक पत्रव्यवहार आता ई-मेलवर चालतो. संस्था लहान असते तोवर लिनक्सचा एक मेल सर्व्हर पुरतो. शाखा वाढल्या की त्या एका यंत्राच्या बिघाडाने सगळ्या शाखांचे काम अडते, आणि मग दुसरा सर्व्हर घेण्याचा विचार सुरू होतो. दुसरे यंत्र उभे करणे सोपे असते. खरा प्रश्न त्यानंतर येतो : खानापूर शाखेच्या व्यवस्थापकाने सकाळी पहिल्या सर्व्हरवर वाचलेला मेल दुपारी दुसऱ्या सर्व्हरवरही ‘वाचलेला’ म्हणूनच कसा दिसावा?

या लेखात तीन यंत्रांची मांडणी गृहीत धरली आहे. दोन मेल सर्व्हर असून त्यांचे अंतर्गत पत्ते १०.२०.३०.११ आणि १०.२०.३०.१२ आहेत, आणि एक साठवण सर्व्हर १०.२०.३०.२१ या पत्त्यावर आहे. तिन्ही यंत्रे बेळगावच्या मुख्य कार्यालयात एकाच खोलीत, एकाच स्विचवर आहेत. मेल आणण्या-पाठवण्यासाठी पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स उघडून देण्यासाठी डव्हकॉट वापरला आहे. एका यंत्रावर हे दोन्ही चालवण्याचा सराव वाचकाला आहे, असे मी धरून चाललो आहे. फाइलींची व सेटिंगांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीत लिहावी लागतील, हे ध्यानात ठेवावे.

मांडणीला हात घालण्यापूर्वी एक नियम मनात पक्का करावा, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरच उभे आहेत : साठवण सामाईक असू द्यावी, पण एका खातेदाराचा मेलबॉक्स एका वेळी एकाच सर्व्हरने हाताळावा. एकाच खतावणीत दोन कारकून एकाच वेळी नोंदी करू लागले की शिल्लक जुळत नाही, तसेच येथे होते. अनेक मांडणींत डिस्क, जाळे आणि माउंट (साठवण यंत्राच्या एखाद्या डिरेक्टरीला जोडणे) यांवर मेहनत घेतली जाते आणि हा नियम मात्र सुटतो. मग महिन्याभराने फोल्डरमधले मेल दोनदा दिसणे, वाचलेले मेल पुन्हा न वाचलेले होणे, असे प्रकार सुरू होतात.

काय सामाईक ठेवावे आणि काय ठेवू नये

सामाईक ठेवायचे ते फक्त खातेदारांचे मेलबॉक्स. पोस्टफिक्सची रांग, म्हणजे ‘/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स’ ही डिरेक्टरी, कधीही सामाईक साठवणीवर ठेवू नये. एक रांग एकाच पोस्टफिक्सच्या मालकीची असते, आणि रांगेतील फाइलींची नावे फाइल सिस्टिमच्या आयनोड क्रमांकाशी (फाइलच्या अंतर्गत नोंदीच्या क्रमांकाशी) बांधलेली असतात. दोन पोस्टफिक्सनी एकच रांग उपसली तर मेल दोनदा जाणे किंवा मुळीच न जाणे, दोन्ही संभवते. प्रत्येक सर्व्हरची रांग त्याच्या स्वतःच्या डिस्कवर, शक्यतो रेड-१ वर, म्हणजे तीच माहिती दोन्हीवर लिहिणाऱ्या दोन डिस्कांच्या जोडीवर, ठेवावी. सर्व्हर बंद पडला तर त्याच्या रांगेत अडकलेले मेल त्या डिस्कवर सुरक्षित राहतात आणि यंत्र उठले की पुढे जातात.

सेटिंगच्या फाइलीही सामाईक माउंटवर ठेवू नयेत. साठवण बंद असतानासुद्धा सर्व्हरला स्वतःची सेटिंगे वाचता आली पाहिजेत. त्या एका जागी संपादित करून आरसिंक किंवा अन्सिबल या साधनाने दोन्हीकडे पाठवाव्यात.

साठवणीची पद्धत निवडणे

दोन-तीन सर्व्हर आणि काही हजारांपर्यंत खाती असलेल्या संस्थेने एनएफएसची, म्हणजे एका यंत्रावरील फाइली जाळ्यावरून इतर यंत्रांना वापरू देणाऱ्या पद्धतीची, आवृत्ती ४ घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती प्रत्येक लिनक्समध्ये असते, तिला केवळ २०४९ हे एक पोर्ट लागते आणि बिघाड झाला तर तो शोधता येतो. अनेक यंत्रांवर पसरणारी सेफएफएस ही फाइल सिस्टिम उत्तम आहे, पण तिला किमान तीन मॉनिटर (देखरेख करणारी) यंत्रे आणि ते सांभाळणारी जाणती व्यक्ती लागते. तालुक्याच्या ठिकाणच्या संस्थेकडे या दोन्ही गोष्टी क्वचितच असतात. त्याच प्रकारचा ग्लस्टरएफएस मोठ्या फाइलींसाठी बरा असला तरी मेलसारख्या लाखो लहान फाइलींवर मंदावतो, शिवाय रेड हॅटने त्यावर आधारलेल्या आपल्या उत्पादनाचा आधार २०२४ च्या अखेरीस थांबवला. नव्या कामासाठी तो घेऊ नये.

एका घातक चुकीबद्दल येथेच सांगणे आवश्यक आहे. आयस्कझीने, म्हणजे जाळ्यावरून, मिळणारी डिस्क दोन्ही सर्व्हरना जोडून, तिच्यावर एक्स्ट४ किंवा एक्सएफएस बनवून ती दोन्हीकडे माउंट करणे वरवर पाहता सोयीचे वाटते. या फाइल सिस्टिमना आपल्याखेरीज आणखी कोणी डिस्कवर लिहीत आहे याची कल्पनाच नसते. काही तासांत माहितीची नासधूस होते आणि ती पूर्ववत होत नाही. डिस्क अशी वाटायचीच असेल तर ओसीएफएस२ किंवा जीएफएस२ सारखी, यंत्रांमध्ये फाइलींच्या कुलुपांचा (लॉक) समन्वय करणारी फाइल सिस्टिम लागते, आणि तिच्यासोबत बिघडलेल्या यंत्राला सक्तीने बाजूला करणारी फेन्सिंगची व्यवस्थाही लागते.

मेल साठवण्याचा प्रकार मेलडिर असावा. डी. जे. बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसाठी रचलेल्या या प्रकारात प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते. ती आधी ‘टीएमपी’ डिरेक्टरीत पूर्ण लिहिली जाते आणि मग ‘न्यू’मध्ये हलवली जाते, खातेदाराने फोल्डर उघडला की ती ‘कर’मध्ये जाते, आणि वाचल्याची खूण फाइलच्या नावातच लागते. त्यामुळे मेल पोहोचवताना कुलूप लावावे लागत नाही, आणि जाळ्यावरील साठवणीत हाच मोठा लाभ आहे. सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवणारा जुना एमबॉक्स प्रकार एनएफएसवर टाळावा. डव्हकॉटचे स्वतःचे डीबॉक्स प्रकार वेगवान आहेत, परंतु त्यांत वाचल्याच्या खुणा सूचीच्या (इंडेक्स) फाइलींत असतात. सूची बिघडली की खुणाही गेल्या. मेलडिरमध्ये सूची पुसली तरी ती पुन्हा बांधता येते.

पाया : घड्याळ आणि मालकी

तिन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली असणे ही अट आहे. दोन यंत्रांत एका सेकंदाहून अधिक फरक पडला की डव्हकॉटच्या सूचींत गोंधळ सुरू होतो, आणि घड्याळ मागे गेलेले दिसले तर डव्हकॉट आपली प्रक्रिया थांबवू शकतो. प्रत्येक यंत्रावर घड्याळ जुळवणारे क्रोनी बसवावे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संगणक-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांची वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी जोडणे अपेक्षित आहे, आणि नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. त्यामुळे क्रोनीमध्ये ‘समय१.एनआयसी.इन’ आणि ‘समय२.एनआयसी.इन’ ही नावे द्यावीत. इंटरनेट तुटले तरी तिन्ही यंत्रे एकमेकांशी जुळलेली राहावीत म्हणून साठवण सर्व्हरलाच अंतर्गत वेळ देण्याचे काम सांगावे आणि मेल सर्व्हरना त्याचा पत्ताही द्यावा.

दुसरी अट मालकीची. सर्व मेलबॉक्सची मालकी ‘व्हीमेल’ नावाच्या एकाच वापरकर्त्याकडे असावी आणि त्याचा अंकी क्रमांक, तसेच गटाचा क्रमांक, तिन्ही यंत्रांवर एकच, उदाहरणार्थ ५०००, असावा. साध्या सुरक्षेच्या एनएफएसमध्ये परवानगी ठरते ती या अंकावर. दोन ठिकाणी नाव सारखे आणि अंक वेगळे असतील, तर एका सर्व्हरने लिहिलेला मेल दुसऱ्याला वाचता येणार नाही. फाइलींचे मालक म्हणून ‘नोबडी’ दिसू लागले, तर आवृत्ती ४ च्या नाव-जुळणीची फाइल ‘/ईटीसी/आयडीमॅपडी.कॉन्फ’ पाहावी आणि तिच्यातील डोमेन तिन्हीकडे सारखे आहे याची खात्री करावी.

साठवण सर्व्हर तयार करणे

मेलची डिस्क रेड-१ किंवा रेड-१० वर ठेवावी. रेड कंट्रोलरमध्ये बॅटरी नसेल तर त्याचा राइट कॅश बंद करावा; वेग थोडा घटतो, पण वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेली माहिती उरत नाही. फाइल सिस्टिम म्हणून मी एक्सएफएस सुचवतो, कारण तिच्यात आयनोड गरजेप्रमाणे वाढतात. एक्स्ट४ घेतली तर नेहमीच्या पद्धतीने १६,३८४ बाइटांमागे एक आयनोड मिळतो, म्हणजे एका टेराबाइटमागे सुमारे सहा कोटी. हा आकडा मोठा वाटला तरी आखणी करताना फाइलींची सरासरी लांबी पाहून घ्यावी, कारण आयनोड संपले की डिस्कवर जागा असूनही मेल नाकारला जातो. जागा आणि आयनोड या दोन्हींवर रोज नजर ठेवावी. ‘डीएफ -आय’ हा आदेश दुसरी बाजू दाखवतो.

डिस्क ‘/एसआरव्ही/व्हीमेल’ येथे माउंट करावी, मालकी व्हीमेलला द्यावी आणि ‘/ईटीसी/एक्सपोर्ट्स’ या फाइलमध्ये पुढील ओळ लिहावी :

/एसआरव्ही/व्हीमेल १०.२०.३०.११(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक) १०.२०.३०.१२(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

या ओळीत पत्ता आणि कंस यांच्यामध्ये मोकळी जागा सोडू नये. सोडली तर ती ओळ चूक ठरत नाही, तिचा अर्थ बदलतो : त्या पत्त्याला साधी परवानगी मिळते आणि कंसातील लिहिण्याची परवानगी सगळ्या जगाला दिली जाते. ‘सिंक’च्या जागी ‘एसिंक’ लिहिण्याचा मोहही टाळावा. ‘एसिंक’मध्ये सर्व्हर डिस्कवर लिहिण्याआधीच ‘लिहिले’ असे कळवतो. नेमक्या त्या क्षणी वीज गेली, तर पाठवणाऱ्याला पोहोचल्याची पावती मिळालेली असते आणि मेल कोठेच नसतो.

त्यानंतर ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ चालवून बदल लागू करावा आणि ‘एक्सपोर्टएफएस -व्ही’ने प्रत्यक्षात काय लागू झाले ते वाचून पाहावे. ‘/ईटीसी/एनएफएस.कॉन्फ’मध्ये आवृत्ती ३ बंद करावी. फायरवॉलमध्ये २०४९ हे पोर्ट केवळ त्या दोन पत्त्यांना उघडावे. साध्या एनएफएसला पासवर्ड नसतो, समोरच्या यंत्राच्या शब्दावर ते विश्वास ठेवते. म्हणून साठवणीचे जाळे कार्यालयातील इतर संगणकांपासून वेगळ्या व्हीलॅनवर (स्विचमध्येच वेगळ्या काढलेल्या जाळ्यावर) किंवा सरळ वेगळ्या स्विचवर असावे.

मेल सर्व्हरवर माउंट करणे

दोन्ही मेल सर्व्हरवर ‘/व्हार/व्हीमेल’ ही रिकामी डिरेक्टरी करावी. येथे एक बारीक पण फार मोलाची काळजी घ्यायची आहे. यंत्र सुरू होताना एनएफएस माउंट झाले नाही, तर ही डिरेक्टरी स्थानिक डिस्कवरची एक साधी रिकामी जागा असते. डव्हकॉटला ते कळत नाही. तो तेथेच नवे मेलबॉक्स बनवून त्यात मेल टाकू लागतो. खातेदारांना अचानक रिकामी खाती दिसतात, आणि नंतर माउंट झाल्यावर मधल्या काळातले मेल माउंटखाली दडून जातात. हे टाळण्यासाठी माउंट करण्यापूर्वीच त्या रिकाम्या डिरेक्टरीची मालकी रूटकडे ठेवावी आणि ‘चॅटर +आय’ देऊन ती अपरिवर्तनीय करावी. माउंट तिच्यावर व्यवस्थित बसते, पण माउंट नसेल तर तिच्यात कोणालाच काही लिहिता येत नाही. मेल पोहोचवण्याचा प्रयत्न फसतो, तो रांगेत थांबतो आणि साठवण आली की पुढे जातो. पोस्टफिक्स असा मेल मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस जपून ठेवतो.

याच्या जोडीला ‘सिस्टिमसीटीएल एडिट डव्हकॉट’ने सेवेच्या युनिट विभागात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=/व्हार/व्हीमेल’ ही ओळ टाकावी, म्हणजे माउंट झाल्याशिवाय डव्हकॉट सुरूच होणार नाही.

‘/ईटीसी/एफएसटॅब’मधील माउंटचे पर्याय असे असावेत : आवृत्ती ४.२, ‘हार्ड’, ‘नोएटाइम’ आणि ‘_नेटडेव्ह’. यांतील ‘हार्ड’वर तडजोड करू नये. ‘सॉफ्ट’ माउंटमध्ये साठवण काही वेळ गप्प झाली की लिहिणाऱ्या प्रक्रियेला चूक परत मिळते आणि फाइल अर्धवट राहू शकते. ‘हार्ड’मध्ये प्रक्रिया थांबून राहते आणि साठवण परतल्यावर तेथूनच पुढे चालू होते. थांबलेली प्रक्रिया पाहून अस्वस्थ वाटते खरे, पण मेलच्या बाबतीत थांबणे हेच योग्य आहे. माउंट झाल्यावर ‘एनएफएसस्टॅट -एम’ने पर्याय खरोखर लागू झाले का ते तपासावे.

शाखांच्या ठिकाणी मात्र हे माउंट नेऊ नये. निपाणीच्या शाखेत मेल सर्व्हर ठेवून बेळगावची साठवण इंटरनेटवरून माउंट करण्याचा विचार कोणी मांडला, तर त्याला साधा हिशेब दाखवावा. एनएफएसमध्ये जवळजवळ प्रत्येक फाइलसाठी एक तरी फेरी होते. एका खोलीत फेरीला अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळ लागतो. बाहेरच्या लाइनवर २० मिलिसेकंद धरले, तरी एकामागून एक हजार फेऱ्यांना २० सेकंद लागतात. शाखांनी आयमॅप या मेल वाचण्याच्या पद्धतीनेच जोडावे. ते त्यासाठीच आहे.

डव्हकॉट : प्रत्येक खातेदाराला एक घर

मेलची जागा मेलडिर म्हणून ‘/व्हार/व्हीमेल/डोमेन/खाते/मेलडिर’ अशी द्यावी. त्यानंतर ‘एमएमॅप_डिसेबल = येस’ आणि ‘मेल_एफसिंक = ऑलवेज’ ही दोन सेटिंगे करावीत. पहिल्याने डव्हकॉट सूचीच्या फाइली जाळ्यावरून स्मृतीत थेट जोडत नाही. दुसऱ्याने प्रत्येक मेल डिस्कवर पोहोचल्याखेरीज पावती दिली जात नाही.

‘मेल_एनएफएस_स्टोरेज’ आणि ‘मेल_एनएफएस_इंडेक्स’ अशी आणखी दोन सेटिंगे आहेत, आणि ती ‘येस’ केली की दोन्ही सर्व्हरवर एकच खाते बिनधास्त उघडता येते असा समज आढळतो. ती सेटिंगे एनएफएसचा कॅश वारंवार ताजा करण्याचा प्रयत्न करतात. धोका कमी होतो, संपत नाही, आणि वेग मात्र निश्चितपणे घटतो. वर सांगितलेला नियम पाळला तर ती ‘नो’च ठेवता येतात.

नियम पाळायचा कसा? डव्हकॉटमध्ये पूर्वी यासाठी डिरेक्टर नावाचा भाग होता. तो मुक्त आवृत्तीतून २.४ मध्ये काढून टाकण्यात आला आहे, त्यामुळे नव्या मांडणीत त्याच्यावर अवलंबून राहू नये. सर्व्हरच्या पुढे जोडण्या वाटून देणारा एचएप्रॉक्सी ठेवून जोडणीच्या पत्त्यावरून सर्व्हर ठरवणे हा उपाय अपुरा पडतो. कारण तोच व्यवस्थापक कार्यालयातील संगणकावरून एका पत्त्याने आणि खिशातील फोनवरून दुसऱ्या पत्त्याने येतो, आणि दोन जोडण्या दोन सर्व्हरवर जाऊ शकतात.

टिकाऊ उपाय असा की खात्यांच्या यादीतच प्रत्येक खात्यापुढे त्याचे घर, म्हणजे सर्व्हरचा पत्ता, लिहून ठेवावा. काही शे खात्यांसाठी डेटाबेसची गरज नाही; पासवर्ड-फाइलच्या ओळीत शेवटी जादा माहिती म्हणून ‘प्रॉक्सी_मेबी=वाय होस्ट=१०.२०.३०.११’ असे देता येते. खातेदार कोणत्याही सर्व्हरशी जोडला जाओ; ते त्याचे घर असेल तर तो तेथेच आत जातो, नसेल तर तो सर्व्हर त्याची जोडणी मुकाट्याने योग्य सर्व्हरकडे वळवतो. खातेदाराला फरक कळत नाही. दोन्ही सर्व्हरवर हीच फाइल आणि हीच सेटिंगे असल्याने देखभालही सोपी राहते. वळवलेल्या जोडणीत पासवर्ड पुढे जातो, म्हणून सर्व्हरांमधील जोडणीही टीएलएस या कूटलेखनाने झाकावी. खातेदारांना देण्याचा एकच अंतर्गत पत्ता कीपअलाइव्हडी या सॉफ्टवेअरने दोन सर्व्हरांमध्ये फिरता ठेवावा.

घरे वाटताना निम्मी-निम्मी खाती करण्यापेक्षा शाखांचा विचार करावा, असे मला वाटते. एका शाखेतील सर्वांचे घर एकच असले की तक्रार आल्यावर कोणत्या सर्व्हरच्या नोंदी पाहायच्या हे लगेच कळते.

एखाद्या सर्व्हरची देखभाल करायची असेल, तेव्हा यादीत त्या खात्यांचे घर बदलावे, पासवर्डचा कॅश चालू ठेवला असेल तर तो रिकामा करावा आणि मग ‘डव्हअडमिन किक’ने जुन्या जोडण्या तोडाव्यात. खातेदाराचे सॉफ्टवेअर आपोआप पुन्हा जोडले जाते आणि नव्या घरी जाते. सर्व्हर अचानक बंद पडला तरी कृती हीच आहे. फक्त घरे बदलण्यापूर्वी ते यंत्र खरोखर बंद आहे, नुसते जाळ्यापासून तुटून आत मेल लिहीत बसलेले नाही, याची जाऊन खात्री करावी.

पोस्टफिक्सकडून मेल योग्य घरी पोहोचवणे

बाहेरून येणारा मेल दोहोंपैकी कोणत्याही सर्व्हरवर उतरू शकतो, कारण डीएनएसमध्ये दोघांचीही नावे समान प्राधान्याने एमएक्स, म्हणजे डोमेनचा मेल घेणारे सर्व्हर, म्हणून द्यायची आहेत. मात्र मेलबॉक्समध्ये टाकण्याचे कामही घरच्या सर्व्हरनेच करायचे आहे. त्यासाठी डव्हकॉटची एलएमटीपी ही पोस्टफिक्सकडून मेल घेणारी सेवा २४ या पोर्टवर उघडावी आणि पोस्टफिक्सच्या ‘ट्रान्सपोर्ट_मॅप्स’मध्ये प्रत्येक खात्यापुढे ‘एलएमटीपी:आयनेट:१०.२०.३०.११:२४’ अशी दिशा द्यावी. या पोर्टला पासवर्ड नसतो, तेव्हा फायरवॉलमध्ये ते फक्त दोन मेल सर्व्हरना खुले ठेवावे.

डव्हकॉटची फाइल आणि पोस्टफिक्सचा नकाशा या दोन ठिकाणी घराचा पत्ता येतो, आणि हाताने दोन ठिकाणी लिहिलेली गोष्ट कधीतरी वेगळी होतेच. म्हणून मूळ यादी एक ठेवावी आणि छोट्या स्क्रिप्टने दोन्ही फाइली तिच्यातून तयार करून, ‘पोस्टमॅप’ चालवून दोन्ही सर्व्हरवर पाठवाव्यात.

मराठी-कन्नड फोल्डरांची नावे

सीमाभागातील कार्यालयांत फोल्डरांना मराठी आणि कन्नड नावे सर्रास दिली जातात, आणि ती योग्यच आहे. मेलडिरच्या नेहमीच्या रचनेत मात्र फोल्डरात फोल्डर कितीही असले, तरी डिस्कवर त्या सगळ्यांचे मिळून टिंबांनी जोडलेले एकच नाव होते, आणि लिनक्समध्ये एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. आयमॅपच्या विशेष लेखनपद्धतीत देवनागरी किंवा कन्नडच्या प्रत्येक चिन्हाला अडीच ते तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. त्यामुळे ‘कर्ज विभाग’ खाली ‘खानापूर शाखा’, तिच्याखाली ‘वसुली पत्रव्यवहार’, त्याखाली वर्ष, अशा चार पायऱ्यांचे नाव मिळून नव्वदेक चिन्हांपुढे गेले की फोल्डर बनत नाही आणि खातेदाराला कारण कळत नाही. अशी खोल रचना वापरली जाणार असेल, तर मेलच्या जागेच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट=एफएस’ निवडावे; त्यात प्रत्येक पायरीची वेगळी डिरेक्टरी होते. हा निर्णय पहिल्या खात्यापूर्वी घ्यावा, कारण मागाहून बदलायचा तर सगळे मेलबॉक्स रूपांतरित करावे लागतात.

साठवण सर्व्हरच पडला तर

इथपर्यंतच्या मांडणीत मेल सर्व्हर दोन झाले, पण साठवण एकच राहिली. तिला जोड द्यायची तर दुसरे साठवण यंत्र घेऊन डीआरबीडीने पहिल्याची डिस्क त्याच्यावर उमटवत राहावी. लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये ही सोय २.६.३३ आवृत्तीपासून आहे. तिचा ‘सी’ प्रोटोकॉल निवडावा, म्हणजे लेखन दोन्ही यंत्रांच्या डिस्कवर पोहोचल्यावरच पूर्ण धरले जाते. वर यंत्रांची जोडी सांभाळणारे पेसमेकर आणि कोरोसिंक बसवून डिस्क, एनएफएस सेवा आणि १०.२०.३०.२१ हा पत्ता या तिन्ही गोष्टी एकत्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातील असे करावे. एनएफएसच्या कुलुपांची नोंद असलेली ‘/व्हार/लिब/एनएफएस’ ही डिरेक्टरीही त्याच उमटणाऱ्या डिस्कवर असावी.

फेन्सिंगशिवाय ही जोडी सुरू करू नये. दोन यंत्रांमधली तार तुटली की प्रत्येकाला वाटते दुसरे मेले. दोघेही स्वतःला मुख्य मानून लिहू लागतात आणि मग दोन वेगळे इतिहास तयार होतात, जे जुळवता येत नाहीत. एका यंत्राला दुसऱ्याची वीज सर्व्हरच्या व्यवस्थापन पोर्टमधून तोडता आली पाहिजे. डीआरबीडी ९ मध्ये डिस्क नसलेले तिसरे यंत्र केवळ बहुमतासाठी साक्षी ठेवता येते. त्यासाठी एक साधा जुना संगणक पुरतो. संस्थेला हे सांभाळणे झेपणार नसेल, तर अर्धवट जोडीपेक्षा एकच साठवण यंत्र, त्याचे सुटे भाग कपाटात आणि रोजचा बॅकअप ही व्यवस्था अधिक सुरक्षित आहे.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळिवाच्या वेळी विजांचा कडकडाट होतो आणि पावसाळ्यात खानापूर-जांबोटीच्या बाजूला वीजपुरवठा तासन्‌तास खंडित होऊ शकतो. यूपीएस केवळ सर्व्हरना देऊन चालत नाही. साठवणीचा स्विचही त्याच यूपीएसवर हवा, अन्यथा सर्व्हर चालू आणि साठवण तुटलेली अशी स्थिती येते. नट या सॉफ्टवेअरने बॅटरी उतरताना बंद होण्याचा क्रम बांधून द्यावा : आधी मेल सर्व्हर, शेवटी साठवण. सुरू होताना क्रम उलटा. दोन इमारतींमध्ये केबल न्यावी लागली तर तांब्याची न नेता फायबर न्यावी, कारण जवळ पडलेल्या विजेचा झटका तांब्यातून थेट स्विचपर्यंत येतो.

खातेदार आणण्यापूर्वीची परीक्षा

प्रथम दोन्ही सर्व्हरवरून व्हीमेल म्हणून एकेक फाइल बनवावी आणि ‘एलएस -एलएन’ने दोन्हीकडे अंकी मालक ५०००च दिसतो का ते पाहावे. नंतर पोस्टफिक्ससोबत येणाऱ्या ‘एसएमटीपी-सोर्स’ने चाचणी खात्यावर एक हजार मेल पाठवावेत आणि ते उतरत असतानाच साठवण सर्व्हरची तार काढावी. दोन मिनिटांनी ती परत लावून, रांग पूर्ण रिकामी झाल्यावर मेलडिरमधील फाइली मोजाव्यात. एकही मेल कमी असता कामा नये. पावती मिळण्याआधी जोडणी तुटली असेल तर एखादा मेल दोनदा येऊ शकतो, तो दोष नव्हे. पुढे हीच परीक्षा एक मेल सर्व्हर सरळ बटणाने बंद करून घ्यावी. साठवणीची जोडी केली असेल तर मुख्य यंत्राची वीजही तोडून पाहावी. आवृत्ती ४ मध्ये कुलपे परत मागण्यासाठी मूळ सेटिंगप्रमाणे ९० सेकंदांची मुदत असते, म्हणून दीडेक मिनिट मेल उघडत नाही असे दिसले तर काही बदलू नये, थांबावे.

चालू वापरात ‘स्टेल फाइल हँडल’ अशी नोंद वारंवार येऊ लागली, तर बहुधा एकच खाते दोन सर्व्हरवर उघडले जात आहे; घरांची यादी आणि पोस्टफिक्सचा नकाशा ताडून पाहावा. मेलडिरमध्ये ‘.एनएफएस’ने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली दिसल्या तर त्या हाताने पुसू नयेत. उघड्या असलेल्या फाइली पुसल्यावर एनएफएस त्या तशा नावाने तात्पुरत्या ठेवते आणि वापर संपला की स्वतःच काढते. सूची बिघडल्याची तक्रार आली तर त्या खात्यापुरते ‘डव्हअडमिन फोर्स-रीसिंक’ चालवावे.

बॅकअप आणि खाती हलवणे

रेड आणि डीआरबीडी चुकून पुसलेला मेलही तितक्याच तत्परतेने दोन्हीकडे पुसतात, म्हणून वेगळा बॅकअप लागतोच. साठवण सर्व्हरवर एलव्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कचे त्या क्षणाचे गोठवलेले चित्र, घेऊन त्यावरून बोर्ग किंवा रेस्टिकने प्रत बनवावी, आणि ती एनएफएसवरून न घेता साठवण सर्व्हरवरच घ्यावी. वेगात मोठा फरक पडतो. स्नॅपशॉट न घेता थेट आरसिंक केले तर मेल ‘न्यू’मधून ‘कर’मध्ये सरकताना फाइल नाहीशी झाल्याची सूचना, म्हणजे २४ हा परतीचा अंक, मिळतो. तो अंक दिसला की आरसिंक पुन्हा चालवावे. एक प्रत रात्री निपाणी किंवा चिकोडी शाखेत पाठवावी. एनएफएसला न झेपणारी लाइन या कामाला पुरेशी आहे. महिन्यातून एकदा एक खाते प्रतीतून वेगळ्या नावाने परत उभे करून त्यातील फोल्डर उघडून पाहावेत.

जुन्या सर्व्हरवरील खाती ‘डव्हअडमिन बॅकअप’ने नव्या साठवणीवर आणता येतात. जुना सर्व्हर डव्हकॉटचा नसेल तर आयमॅपसिंक वापरावे. पहिली फेरी कामाच्या दिवसांत, जुना सर्व्हर चालू असतानाच करावी, कारण तिलाच वेळ लागतो. दुसऱ्या शनिवारी कार्यालये बंद असताना जुन्या सर्व्हरवरील मेलची आवक थांबवून शेवटची फेरी करावी, मग एमएक्स बदलावा. डीएनएसमधील नोंदीची मुदत (टीटीएल) त्याच्या दोन दिवस आधीच पाच मिनिटांवर आणलेली असावी. एमएक्स बदलण्याआधी सर्वांत कमी खात्यांची एक शाखा हलवावी, आठवडाभर तिच्या तक्रारी ऐकाव्यात आणि मगच मुख्य कार्यालयाची खाती घ्यावीत. या मधल्या काळात जुन्या सर्व्हरने हलवलेल्या शाखेचा मेल नव्या पत्त्याकडे पुढे पाठवत राहावे, आणि शेवटची शाखा हलल्यानंतरही महिनाभर त्याची डिस्क पुसू नये.